जलचक्राचा डबा: सूर्य गार निघाला, तरी पैसे वाया गेले नाहीत

चौदाशे पन्नास रुपयांचा डबा दारात उघडला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात पाण्याचं पिंप आलं असतं की गं." पैसे शाळेच्या निधीतले होते, पण त्यांचा हिशेब काही मला खोडता आला नाही. डब्यावर छापलं होतं 'जलचक्र प्रयोगसंच, इयत्ता पाचवी ते आठवी'. कंपनीचं नाव इथं देत नाही. हाच साचा तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, तेव्हा मी लिहितेय ते डब्याबद्दल समजा.

मी सांगलीत सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. माहेर जत तालुक्यातलं, सासर सांगलीत नदीजवळच्या गावभागातलं. लहानपण टँकरमागं घागर घेऊन पळण्यात गेलं आणि लग्नानंतरचे काही पावसाळे गाद्या आणि धान्याचे डबे माळ्यावर चढवण्यात. त्यामुळं पुस्तकातलं ते गोल चित्र, समुद्र-वाफ-ढग-पाऊस-नदी-समुद्र, मला कधीच पुरेसं वाटलं नाही. त्या चित्रात कुणाचं घर नसतं. डबा घेताना जाहिरातीत 'माणूस आणि जलचक्र' असा एक शब्द होता, त्याला मी भुलले हे कबूल करते.

आत काय आहे ते आधी सांगते. पोळ्यांच्या परातीएवढा पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे, त्यात एका बाजूला घडवलेला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्राचा खळगा. वर घट्ट बसणारं झाकण, झाकणावर बर्फ ठेवायला वाटी. निळ्या रंगाची बाटली, 'जंगल' म्हणून हिरव्या स्पंजचा तुकडा, चिमट्याचा दिवा, झाडाच्या फांदीला बांधायच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या, सोंगट्या-फासा-पत्त्यांचा एक खेळ आणि माहितीपत्रक. ट्रेचं काम चांगलं आहे. चाळीस मुलांच्या हातांत दोन महिने राहूनही त्याला एकच तडा गेला, तोही कोपऱ्याला, आणि तो एम-सीलनं बुजला.

दिव्याचं मात्र हसू झालं. दिवा म्हणजे सूर्य. पाणी त्याच्या उष्णतेनं तापणार, वाफ होणार, झाकणाला लागणार. अर्धा तास लावून ठेवला, झाकण कोरडंच. पहिल्या बाकावरच्या एकानं ट्रेवर हात धरला आणि म्हणाला, "बाई, ह्यो सूर्य गार हाय." संचात एलईडी बल्ब दिलाय! उजेड भरपूर, ऊब नाही. बनवणाऱ्यानं स्वतः एकदा तरी हा प्रयोग करून बघितला असेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रे उचलून व्हरांड्यात खऱ्या उन्हात ठेवला. मार्चचा महिना होता, सांगलीचं ऊन काही सांगायला नको. बर्फ समोरच्या रसवंतीतून आणला. त्या काकांनी पैसे घेतले नाहीत, फक्त प्रयोग बघायला आले. वीसेक मिनिटांत झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरलं, मग थेंब मोठे झाले आणि डोंगरावर पहिला थेंब पडला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

खरी गंमत त्याच्या पुढची. आम्ही समुद्रात निळा रंग टाकला होता आणि मूठभर मीठ. डोंगरावर साचलेलं पाणी एका वाटीत घेतलं तर ते पांढरं स्वच्छ. एका मुलीनं बोट बुडवून चाखलं, "खारट न्हाई." रंग आणि मीठ दोन्ही खालीच राहिलं. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं; ट्रेमध्ये ते डोळ्यांनी दिसतं. इथपर्यंत संचाला पैकीच्या पैकी गुण.

मग मागून प्रश्न आला, "बाई, मग नदीत मळीचं पाणी सोडलं तर ते पण खालीच राहणार?" मळी म्हणजे साखर कारखान्याची घाण. हा मुलगा नदीकाठचा. मेलेले मासे काठाला लागलेले त्यानं पाहिलेत. मी म्हटलं, करून बघू. ट्रेमधलं पाणी अर्धं होईस्तोवर दोन दिवस उन्हात उघडं ठेवलं. रंग आधीपेक्षा गडद झाला. वाफ फक्त पाण्याची होते, घाण आपल्यालाच परत मिळते आणि उन्हाळ्यात नदी आटली की जास्तच दाट होऊन मिळते. हे माहितीपत्रकात कुठंही नाही. असले प्रश्न सुचवायची सोय संचात असती तर मी पाच तारे दिले असते.

आता मोठी तक्रार. या ट्रेमध्ये पाऊस सगळीकडं सारखा पडतो. सातारा-सांगलीत राहणाऱ्या पोराला हे पटणार कसं? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आटपाडी-जतकडं पाचशेच्या आतबाहेर. शिराळ्याच्या पश्चिमेला छत्री उलटी होते तेव्हा माझ्या माहेरी लोक आभाळाकडं बघत असतात. ढग तोच, वारा तोच, फरक सह्याद्रीचा. मी खटपट करून बघितली: झाकणाच्या वाटीतला बर्फ मधोमध न ठेवता समुद्राच्या बाजूला सरकवला आणि ट्रेच्या त्या टोकाखाली कंपासपेटीची जाडी निघेल असा पुठ्ठा घातला. झाकणावरचे थेंब डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावर पडायला लागले, पलीकडचा उतार कोरडा. आता ही पर्जन्यछाया खरी नव्हे, हे मी मुलांना सांगितलं. खऱ्या पर्जन्यछायेत वारा डोंगर चढताना थंड होतो आणि पाणी टाकतो, पलीकडं उतरताना तापतो आणि कोरडा होतो. ट्रेमध्ये वाराच नाही. पण नकाशा डोक्यात बसायला तेवढं पुरलं. कोरड्या बाजूला एका मुलीनं मातीच्या गोळ्यात काडी रोवली, तिला कागदाची झेंडी लावली आणि लिहिलं 'बाईंचं माहेर'.

मिलिमीटर हा शब्द मुलांना हवेतला वाटतो, म्हणून एक दिवस संच बाजूला ठेवून आम्ही जिन्याच्या भिंतीवर खडूनं माप काढलं. पाचशे मिलिमीटर म्हणजे गुडघ्याच्या थोडं वर. साडेपाच हजार म्हणजे साडेपाच मीटर, खडू बांधलेली काठी घेऊन पहिल्या मजल्यावर जावं लागलं. शिपाई मामा म्हणाले, "एवढं पाणी पडतं आणि आम्ही नळाला दोन तास उभं राहतो." मग छपराचा हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. आमच्या जुन्या इमारतीचं छप्पर साठ फूट बाय वीस फूट, म्हणजे साधारण एकशे अकरा चौरस मीटर. जतसारखा पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तरी वर्षाला पंचावन्न हजार लिटर. गळती-उडती वजा करून चाळीसेक हजार धरा.

याला ताडून बघायला मी २०१६ची जलदूत रेल्वे सांगितली. मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं नेलं होतं; एप्रिलमधली पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची, पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या. म्हणजे एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर. आमच्या एका छपराचं वर्षाचं पाणी जवळजवळ एक वाघीण! ही मुलं तेव्हा पाळण्यातली, त्यांना हे गोष्टीसारखं वाटलं. एकानं विचारलं, "मिरजंत पाणी कुठनं आलं?" कृष्णेतून. आणि कृष्णेत? तिथं ट्रे परत कामाला आला.

पुराचा धडा मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण तो या वर्गासाठी धडा नाही. २०१९ला ही पोरं अंगणवाडी-पहिलीच्या वयाची होती, पण आठवण सगळ्यांना आहे. आमच्या घराच्या जिन्याशेजारी भिंतीवर रेघा आहेत, २००५ची, २०१९ची, २०२१ची. २०१९ची सगळ्यात वर. कृष्णेवरच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, चाळीस फूट इशारा आणि पंचेचाळीस धोका हे सांगलीतल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. एका मुलाला आठवतं ते फक्त होडीतून जाताना दिसलेली दुकानाची पाटी, हाताला लागेल एवढी जवळ.

संचातला हिरवा स्पंज इथं वापरायचा. डोंगरावर स्पंज ठेवून पाणी ओतायचं, नंतर स्पंज काढून ओतायचं आणि पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आमच्याकडं उघड्या डोंगरावरून चार सेकंदांत आलं, स्पंजवरून पंचवीस-तीस सेकंदांत, तेही निम्मंच. पत्रक इथं संपतं: जंगल असेल तर पूर येत नाही. बरं वाटतं वाचायला. पण आमच्या वर्गात एक शांत मुलगी आहे, तिनं न विचारता त्याच भिजलेल्या स्पंजवर दुसरा तांब्या ओतला. पाणी धाडकन खाली. ती म्हणाली, "आता तो पीतच न्हाई." मी पंधरा वर्षं शिकवतेय, मलाही हे इतकं सरळ कधी दाखवता आलं नव्हतं. पावसानं जमीन आधीच तुडुंब प्यायलेली असताना, धरणंही भरत आलेली असताना वर आणखी आठवडाभर घाटमाथ्यावर कोसळला, की ते पाणी जाणार कुठं? जंगल हवंच, पण भिजलेल्या स्पंजालाही मर्यादा असते, हे पत्रकात छापायला एक ओळ पुरली असती.

अर्थात लगेच घरची भांडणं वर्गात आली. पूर का आला? एकाचे वडील म्हणतात कोयना धरणातून पाणी सोडलं म्हणून, दुसऱ्याचे म्हणतात खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फुग, म्हणजे अडून मागं चढलेलं पाणी, तिसऱ्याचे आजोबा म्हणतात पूररेषेत प्लॉट पाडले म्हणून. मी म्हटलं, या ट्रेत अलमट्टी नाही, तेव्हा हा वाद ट्रेकडून सुटायचा नाही. पण पट्टीची एक भिंत नदीत आडवी उभी केली, नदीच्या कडेला चार खोडरबर घरं म्हणून ठेवले आणि काय होतं ते बघितलं. खोडरबर तरंगले नाहीत, बुडाले. तेवढ्यावर तास संपला.

माहितीपत्रकाबद्दल दोन शब्द. 'मराठीसह चार भाषांत' असं म्हटलंय. मराठी यंत्राकडून करून घेतलेलं आहे आणि कुणी वाचून बघितलेलं नाही. जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याला 'पळून गेलेले पाणी' म्हटलंय आणि भूजल पातळीला चक्क 'पाण्याचे टेबल'. पळून गेलेलं पाणी मुलांना इतकं आवडलं की चाचणीत अकरा जणांनी तेच लिहिलं, आणि मी गुण दिले. संघनन एका पानावर, सांद्रीभवन दुसऱ्या पानावर. दोन्ही एकच, हे सांगायला मला एक फळा खर्चावा लागला.

खेळाचे पत्ते हा या संचातला सर्वांत चांगला आणि सर्वांत परका भाग. फासा टाकायचा, आपली सोंगटी म्हणजे पाण्याचा थेंब, तो कधी ढगात, कधी नदीत, कधी मातीत, कधी प्राण्याच्या पोटात. हवेत थेंब सरासरी नऊ-दहा दिवस राहतो आणि समुद्रात हजारो वर्षं, हे पत्त्यांवर छान दाखवलंय. समुद्रात अडकलेला गडी वैतागतो आणि तेच तर शिकायचं असतं. पण पत्त्यांत हिमनदी दोन वेळा आहे आणि धरण एकदाही नाही. विहीर नाही, बोअर नाही, नळ नाही, टँकर नाही. 'माणूस आणि जलचक्र' म्हणजे एका पत्त्यावर पाणी पिणारा गोरा मुलगा.

आम्ही हिमनद्या काढून टाकल्या आणि लग्नपत्रिकांच्या मागं नवे पत्ते केले. कोयना, वारणा, म्हैसाळची मोटर आणि टेंभूचा कालवा (दोन्ही कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात नेणाऱ्या योजना), उसाचा फड, द्राक्षबागेवरचा अवकाळी, बोअर, टँकर, मिरजेची रेल्वे. कोयनेच्या पत्त्यावर फासा सम पडला तर थेंब नदीतून कराडच्या संगमावर कृष्णेला मिळतो आणि सांगलीवरून बंगालच्या उपसागराकडं जातो. विषम पडला तर बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात उतरतो, वीज करतो आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला. एका धरणाचं पाणी दोन समुद्रांना जातं हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं. १०५ टीएमसीचं धरण म्हणजे किती, तेही निघालं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे दोन हजार आठशे एकतीस कोटी लिटर. मुलांनी शून्यं मोजली आणि सोडून दिली. म्हैसाळच्या पत्त्याचा नियम मुलांनीच केला: थेंब उताराच्या उलट वर चढतो, पण दर वेळी गड्यानं एक सोंगटी 'वीजबिल' म्हणून द्यायची.

उसाच्या पत्त्यावरून वाद झाला. संचातली प्लास्टिकची पिशवी आम्ही शाळेच्या करंजाला बांधली होती, दुपारपर्यंत तिच्या तळाशी पानांतून निघालेलं चमचाभर पाणी जमलं होतं. मग एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, आमच्या उसाला दिलेलं पाणी पण असंच हवेत जातं, त्याचा पाऊस होतो, तो परत आमच्याच रानात पडतो, मग ऊस पाणी पितो म्हणून बोंब कशाला? मला हसू आलं, पण प्रश्न खोटा नव्हता. चक्र पुरं होतं, त्यात शंका नाही. पण वाऱ्यानं नेलेलं पाणी ज्याच्या विहिरीतून उपसलं त्याच्याच विहिरीत पडेल असा काही करार नाही. आमच्या मळ्याची वाफ कुठल्या कुठं पडेल. पुस्तकातलं गोल चित्र नेमकं इथंच फसवतं. माझ्या आईला हे न शिकवता कळत होतं, पाऊस झाला की ती म्हणायची, "आला खरा, पण कुणाला आला ते बघा."

भूजलाचं संचात काहीच नाही, ट्रेचा तळ बंद आहे. मी लोणच्याच्या बरणीत खडी आणि वाळू भरली, पाणी ओतलं आणि हात धुण्याच्या साबणाच्या बाटल्यांचे दोन पंप खुपसले, एक उथळ, एक खोल. खोल पंप दाबत राहिलं की उथळ पंपातून हवा यायला लागते. कुणाचं तरी, "आमच्या शेजाऱ्यानं असंच केलंय," हे यायचंच होतं, आणि आलं. ही बरणी फुकटात झाली आणि खरं सांगायचं तर संचातल्या निम्म्या गोष्टींपेक्षा चांगली चालली.

तडा गेलेल्या ट्रेबद्दल आणि गार सूर्याबद्दल मी फोन केला होता. हिंदीत बोलणाऱ्या मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आठ दिवसांनी नवीन बल्ब पाठवला. तोही एलईडी.

घ्यावा का? वर्गात पंचवीस-तीस मुलं असतील आणि निधी असेल तर घ्या, ट्रे आणि झाकणासाठी. एकट्या घरच्या मुलासाठी नको. काचेचा वाडगा, प्लास्टिकचा कागद आणि बर्फ यांत रंगाचा प्रयोग तसाच होतो. पाचपैकी तीन तारे देते, त्यातला एक तारा त्या दुसऱ्या तांब्याचा. आणि ऊन नसलेल्या दिवसात चालवायचा असेल तर कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो जुना तारेचा बल्ब आणा, पोल्ट्रीचं सामान मिळतं तिथं असतो. फक्त जाताना संचातलं होल्डर बरोबर न्या. ते बल्ब फिरवून बसवायच्या आट्यांचं आहे आणि मी पिनचा बल्ब आणून एक फेरी फुकट घातली.